पकड आणि राखण

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या दक्षिण भागातून अलापहा नावाची काळसर पाण्याची नदी वाहते आणि पुढे फ्लोरिडात सुवानी नदीला मिळते. या नदीचे नाव एका कुत्र्याला मिळाले आहे : अलापहा ब्लू ब्लड बुलडॉग. रुंद चौकोनी डोके, भरदार छाती, आखूड गुळगुळीत केस, पांढऱ्या अंगावर निळसर करड्या किंवा तपकिरी रंगाचे मोठे ठिगळ आणि कधी कधी एक डोळा निळा तर दुसरा तपकिरी. नराचे वजन साधारण पस्तीस ते चाळीस किलो भरते, मादी बरीच हलकी असते. जॉर्जियातल्या रेबेका या लहानशा गावच्या लाना लू लेन यांनी आपल्या आजोबांकडून चालत आलेली कुत्री जपली आणि १९८६ मध्ये अ‍ॅनिमल रिसर्च फाउंडेशन या खासगी नोंदणी संस्थेत त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद करून घेतली. अमेरिकन केनेल क्लबच्या यादीत ही जात आजही नाही. घराचा आणि मळ्याचा निष्ठावान राखणदार, दुर्मिळ, जुन्या रक्ताचा, अशी तिची ओळख करून दिली जाते. या वर्णनातला ‘राखणदार’ हा शब्द नीट तपासून पाहिला पाहिजे. कारण राखणीसाठी कुत्रा हवा असलेला माणूस जॉर्जियात असतो तसा किनवटच्या डोंगराळ भागात शेतातल्या आखाड्यावर रात्र काढणारा शेतकरीही असतो, आणि ‘राखणदार जात’ हे दोन शब्द ऐकून त्यालाही वाटू शकते की राखण रक्तात विकत मिळते.

या बुलडॉगचे मूळ काम राखणीचे नव्हते, पकडीचे होते. अमेरिकेच्या दक्षिणेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गुरे आणि डुकरे पाइनच्या जंगलात मोकाट सोडलेली असत. कुंपण गुरांना नव्हते, उलट ज्याला आपले पीक वाचवायचे त्याने आपल्या शेताला कुंपण घालायचे. अशा अर्धवट रानटी झालेल्या जनावराला पकडायचे म्हणजे दोन प्रकारची कुत्री लागत. पहिले हलके, चपळ. ते वासावर जनावर शोधायचे, भुंकून एका जागी रोखून धरायचे. दुसरा बुलडॉग. तो मालकाजवळच थांबायचा आणि इशारा मिळाला की न भुंकता धावत जाऊन बैलाचे नाक किंवा डुकराचा कान तोंडात धरायचा, आणि माणूस दोर घेऊन पोहोचेपर्यंत सोडायचा नाही. एवढी पकडापकड वारंवार का करावी लागे? खुणा करायला, विकायला आणि मुख्य म्हणजे जखमा पाहायला. त्या भागात तेव्हा एक माशी जिवंत जनावराच्या जखमेवर, नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या बेंबीवर अंडी घालत असे आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खात. जखमेत किडे पडलेले जनावर आपल्याकडेही शेतकऱ्याला माहीत आहे, पण आपले जनावर दावणीला असते. जंगलात हिंडणाऱ्या शेकडो गुरांत प्रत्येक आजारी वासरू शोधून, पाडून त्याला औषध लावायचे तर बुलडॉगच्या जबड्यावाचून इलाज नव्हता.

मग ते कामच गेले. फ्लोरिडाने १९४९ मध्ये कायदा करून मोकाट गुरे बंद केली आणि कुंपणाची जबाबदारी गुरांच्या मालकावर टाकली. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या शास्त्रज्ञांनी जखमेवरच्या त्या माशीच्या नरांना किरणोत्साराने वांझ करून हवेतून सोडण्याची युक्ती काढली. मादी एकदाच संग करते. तो वांझ नराशी झाला की तिची अंडी फुटत नाहीत. या एका युक्तीने १९५९ पर्यंत अमेरिकेच्या आग्नेय भागातून ती माशी संपली. कीटकशास्त्राच्या इतिहासातला हा फार मोठा विजय आहे, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना त्याने एका कुत्र्याची रोजीरोटीही काढून घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉर्जियातल्या जॉन जॉन्सन यांना आपल्या लहानपणीचे बुलडॉग जवळपास दिसेनासे झालेले आढळले. त्यांनी आणि अ‍ॅलन स्कॉट यांनी खेडोपाडी फिरून जी कुत्री गोळा केली त्यांतून आजचा ‘अमेरिकन बुलडॉग’ उभा राहिला. अलापहा हा त्याच जुन्या साठ्यातला दुसरा, लहानसा धागा. इंग्लंडमध्ये हेच शंभर वर्षे आधी घडले होते. १८३५ च्या कायद्याने बैलावर कुत्री सोडण्याचा क्रूर खेळ बंद झाला, ते योग्यच झाले. पण काम सुटलेला तो कुत्रा पुढे प्रदर्शनाच्या रिंगणात गेला, आणि परीक्षकांना जे आवडले ते वाढत गेले : डोके मोठे, नाक आत, पाय फेंगडे. आज इंग्लिश बुलडॉगची बहुतेक पिल्ले शस्त्रक्रियेने जन्माला घालावी लागतात, कारण पिल्लाचे डोके आईच्या कमरेतून सुटत नाही. जो प्राणी एके काळी बैलाला लोंबकळायचा, त्याला आता उन्हाळ्याच्या दुपारी चार पावले चालताना धाप लागते.

म्हणून कुत्र्याची जात ही कामाची सावली आहे असे मला ठामपणे वाटते. काम असते तोवर जातीला नोंदवही लागत नाही. जे कुत्रे डुकराला घाबरते त्याची वीण कोणी वाढवत नाही, एवढी साधी चाळणी पुरते. काम गेले की ही चाळणीही जाते आणि तिची जागा वंशावळीचा कागद घेतो. कागदावर रंग लिहिता येतो, उंची लिहिता येते, आजोबाचे नाव लिहिता येते. धैर्य, संयम, सोडायची वेळ कळणे, या गोष्टी लिहिता येत नाहीत. अलापहाच्या बाबतीत दुसरी अडचण संख्येची. थोड्या कुत्र्यांतच पुन्हा पुन्हा संबंध आले की पापण्या आत किंवा बाहेर वळणे, खुब्याचा सांधा सैल असणे असे दोष साठत जातात. ठिगळांच्या निळसर रंगाचेही तसेच. मर्ल नावाचा हा रंग एका जनुकातल्या बदलाने येतो. आई आणि बाप दोघेही त्या रंगाचे असतील तर सरासरी चारातल्या एका पिल्लाला तो बदल दोन्हीकडून मिळतो, आणि अशी पिल्ले बहिरी किंवा डोळ्यांनी अधू निघण्याचा धोका मोठा असतो. जातिवंत कुत्रेपाळ हे जाणतो आणि दोन मर्ल कुत्री एकत्र येऊ देत नाही. पण जिथे रंगालाच भाव येतो तिथे हे भान टिकवणे अवघड होते. बहिरा राखणदार शेतकऱ्याच्या काय कामाचा?

आता किनवटकडे येऊ. पैनगंगेच्या काठचा हा तालुका नांदेड जिल्ह्याच्या एका टोकाला, तेलंगणातल्या आदिलाबादला लागून आहे. गोंड, कोलाम, आंध, प्रधान यांची गावे, बंजाऱ्यांचे तांडे, साग आणि मोहाचे जंगल, पैनगंगा अभयारण्य आणि मध्ये मध्ये कापूस, सोयाबीन, ज्वारी, हरभऱ्याची रानं. इथल्या राखणीचे स्वरूप जॉर्जियापेक्षा अगदी वेगळे आहे. पीक भरात आले की रानडुकरे आणि रोही येतात, म्हणून रात्री जागल करावी लागते. आखाड्यावर बैल, शेळ्या, खत, मोटारीची केबल असते. जंगलाच्या कडेला बिबट्याचा वावर असतो. राखणीच्या कुत्र्याने इथे करायचे काय? पहिले, जागे असायचे. दुसरे, वेळेवर भुंकायचे. तिसरे, आपल्या जनावरांजवळून हलायचे नाही. या तीनही गोष्टींत जबड्याचा संबंध जवळजवळ येत नाही. पकडीचा कुत्रा मुका हवा आणि राखणीचा कुत्रा बोलका हवा; पकडीच्या कुत्र्याने पुढे झेपावायचे आणि राखणीच्याने मागे, कळपाशी राहायचे. शिवाय बुलडॉगने आपला खरा हुन्नर इथे दाखवला तर मालक तुरुंगाच्या वाटेला लागेल. रानडुकराला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कुत्रा सोडून त्याला धरणे ही शिकारच ठरते. किनवटच्या एप्रिल-मे महिन्यातल्या उन्हाचा विचार तर वेगळाच. कुत्रा घामाने नव्हे, धापेने अंग थंड करतो. जड शरीर आणि आखूड तोंड यांना ते काम अधिक कठीण जाते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. रक्ताला काहीच अर्थ नाही का? मेंढपाळाचा बॉर्डर कोली पिल्लूपणापासूनच मेंढ्यांवर डोळा रोखून दबकत चालतो, ते त्याला कोणी शिकवत नाही. रक्ताला अर्थ आहेच. पण किती, हे आता मोजलेले आहे. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या स्वभावाची माहिती मालकांकडून घेतली होती आणि त्यांपैकी २,१५५ कुत्र्यांचे जनुकीय वाचन केले होते. रूप जातीवरून पुष्कळ अचूक सांगता आले. मात्र एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा का, यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीने उलगडला. माणसाचे ऐकणे यासारख्या गुणात जातीचा वाटा त्यातल्या त्यात जास्त निघाला; किती चटकन चिडतो यात फारच थोडा. ‘अमुक जात म्हणजे निर्भय राखणदार’ हे वाक्य जाहिरातीत शोभते, मोजमापात टिकत नाही.

मग राखणदार घडतो कशाने? स्कॉट आणि फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षे पिल्ले वाढवून १९६५ च्या ग्रंथात दाखवले की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान पिल्लू ज्यांच्या सहवासात राहते त्यांना ते आपले मानते. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दाम्पत्याने सत्तरच्या दशकापासून युरोप-आशियातली राखणीची कुत्री अमेरिकी मेंढपाळांना देऊन हेच रानात तपासले. कोकरांबरोबर वाढलेले पिल्लू मोठेपणी कळपाशी राहते. घरात, अंगणात मुलांबरोबर वाढवून नंतर कळपात सोडलेले पिल्लू घराकडेच पळते, मग त्याची वंशावळ कितीही थोर असो. अमेरिकेच्या नैऋत्येतले नॅव्हाहो लोक पिढ्यान्पिढ्या मेंढ्या राखायला साधी मिश्र रक्ताची कुत्री वापरत आले. अभ्यासकांनी ती पाहिली तेव्हा गुपित हेच निघाले, पिल्ले गोठ्यात जन्मतात आणि मेंढ्यांतच वाढतात. आफ्रिकेत नामिबियातल्या पशुपालकांना चित्त्यांपासून जनावरे वाचवण्यासाठी १९९४ पासून तुर्कस्तानी मूळ असलेली भारदस्त कुत्री देण्यात आली आणि त्यांचा उपयोग झाला. पण शेजारच्या बोट्स्वानात गावातलीच साधी कुत्री तशी वाढवून पाहिली, तर तीही काम करू लागली, आणि त्यांचे खाणे-पिणे शेतकऱ्याला परवडले. किनवटच्या आखाड्यावर शेळी व्यायली त्याच सुमारास कुत्री व्यायली असेल, तर त्या शेतकऱ्याला बाजारात जायची गरज नाही. आईचे दूध तुटताच पिल्लू करडांच्या कुडात ठेवावे, तिथेच त्याला खायला घालावे, करडांशी दांडगाई केली की लगेच आवरावे, पोरांनी ते उचलून घरी नेऊ नये. या कामाला पैसा लागत नाही. वर्षभराची चिकाटी लागते.

दुसरा आक्षेप बिबट्याचा. गावरान कुत्रे बिबट्यापुढे टिकणार कसे? खरेच टिकत नाही. तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. पण याच आकड्याचा दुसरा अर्थ असा की दोरीने बांधलेला एकटा कुत्रा ही राखण नाही, ते आमिष आहे, आणि चाळीस किलोचा बुलडॉग बांधून ठेवला तर तोही आमिषच. हिमालयातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या आधी गळा धरतो. एकापेक्षा जास्त कुत्री, गळ्यात असा पट्टा, आणि रात्री शेळ्यांबरोबर कुत्रीही पक्क्या छताच्या, दार लागणाऱ्या गोठ्यात. कुत्र्याने आवाज द्यायचा आणि भिंतीने अडवायचे. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ आदिलाबाद, नांदेड, पैनगंगा, हिंगोली असा हजाराहून अधिक किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून ही वाट आपल्याला कळली. अशा पाहुण्याशी कुठल्याही जातीच्या कुत्र्याने झुंजावे अशी अपेक्षाच चूक. त्याने माणसाला जागे करावे एवढेच पुरे.

उलट दिशेने येणारा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. अभयारण्याला लागून कुत्री वाढवली तर रानाचे काय? कुत्र्यांमधला डिस्टेंपर विषाणू १९९४ मध्ये सेरेंगेटीत पसरला तेव्हा तिथले जवळपास एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंहांच्या मृत्यूंमागे हाच विषाणू आढळला. रेबीजचे तर सांगायलाच नको. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणून राखणीचा कुत्रा कळपाला बांधील असणे हा शेतकऱ्याच्या सोयीचाच नव्हे तर जंगलाच्याही हिताचा मुद्दा आहे. जो कुत्रा शेळ्यांपासून हलत नाही तो हरणामागे धावत नाही. त्याला दोन्ही रोगांची लस वेळेवर टोचलेली हवी आणि नको असलेली वीण थांबवलेली हवी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याने जनावरांच्या लसीकरणाला तांड्यावर जाताना आखाड्यावरची कुत्रीही मोजणीत धरली, तर किनवटच्या राखणीला कुठल्याही परदेशी जातीपेक्षा जास्त मदत होईल.

राहिला दराऱ्याचा मुद्दा : मोठ्या डोक्याच्या कुत्र्याला चोर भितो. भीत असेलही. पण तोच दरारा शेजाऱ्यालाही वाटतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने तेवीस जातींवर बंदी घालण्यास राज्यांना कळवले. त्यांत अमेरिकन बुलडॉग होता, आणि कांगाल, अकबाशसारखी शतकानुशतके मेंढ्या राखणारी कुत्रीही होती. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. ती यादी करणारे आणि ‘राखणदार जात’ विकणारे एकाच समजुतीवर उभे आहेत, की स्वभाव जातीच्या नावात भरलेला असतो. दोघांनाही तोच नऊ टक्क्यांचा अभ्यास उत्तर देतो.

हे सगळे आपल्या दाराशी लागू करायची वेळ आली आहे, कारण अलापहासारखीच कोंडी आपल्या एका कुत्र्याची झाली आहे. लातूर-नांदेडकडचा कारवानी पाहा. लांबट निमुळते डोके, खोल छाती, आत गेलेले पोट, साधारण सत्तर सेंटिमीटर उंची, आणि पळायला लागला की चारही पाय जमिनीवरून सुटलेले. कानांना आणि पायांना लांब केस असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात. हा नजरेने शिकार हेरणारा, ससा आणि हरीण गाठणारा कुत्रा. जत आणि मुधोळकडे जवळपास याच रूपाचा कुत्रा मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला राजाश्रय दिला, २००५ मध्ये तो टपाल तिकिटावर आला, आणि राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने ज्या तीन भारतीय कुत्र्यांची सर्वांत आधी जात म्हणून नोंद केली त्यांत राजपालयम, चिप्पीपराई यांच्याबरोबर कर्नाटकच्या नावाने मुधोळ हाउंड गेला. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याच ढंगाच्या कुत्र्याला कॅरव्हॅन हाउंड म्हणतो. नाव कोणते हा वाद चालू राहील. मला चिंता वेगळी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कारवानीचे काम बंद केले, आणि ते बंद व्हायलाच हवे होते, नाहीतर काळवीट उरले नसते. पण जॉर्जियात कुंपणाने आणि वांझ माश्यांनी बुलडॉगचे जे केले ते इथे या कायद्याने कारवानीचे केले. आता त्याला राखणदार म्हणूनही खपवले जाते, जे तो मुळात नाही. पळण्यासाठी घडलेले शरीर साखळीला बांधून ठेवले की दोन पिढ्यांत काय उरते, याचे उत्तर इंग्लिश बुलडॉगने देऊन ठेवले आहे.

यावर उपाय शोधायला फार दूर जायला नको. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. खंडोबाच्या मूर्तीशेजारी घोडा असतो तसा कुत्राही असतो. वाघ्या हे त्याच्या भक्ताचे नाव त्या परंपरेतच कुत्र्याशी जोडलेले आहे. या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार असतो आणि नांदेड जिल्हा परिषदेतर्फे अश्व, श्वान, कुक्कुट प्रदर्शन भरते. लाल कंधारी आणि देवणी या इथल्याच गोवंशांची पारख करताना जाणता शेतकरी रंगावर थांबत नाही. देवणीचा वानेरा, बालंक्या, शेवेरा असा रंगभेद तो ओळखतो, पण बैलाला चालवून पाहतो, गाईची कास पाहतो. श्वानाच्या रिंगणात मात्र कुत्रा उभा करून उंची, चमक, बांधा पाहून निकाल लावला तर कारवानीची वाट इंग्लिश बुलडॉगच्या वाटेला जाऊन मिळेल. तिथे दोरीवर ओढलेल्या चिंधीमागे, जिवंत सशामागे नव्हे, चारशे मीटर पळवून वेळ मोजता येईल. पळून आल्यावर कुत्र्याची धाप किती वेळात बसते तेही पाहता येईल, वंशावळीच्या कागदावर ही वेळ लिहिता येईल. आणि त्याच मैदानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, ज्यांना कुठल्याच नोंदवहीत रकाना नाही अशा आखाड्यावरच्या गावरान कुत्र्यांसाठी एक वेगळी कसोटी ठेवता येईल : दहा शेळ्या, एक अनोळखी माणूस, आणि मालक नजरेआड.